स्पेक्ट्रोग्रॅमवरची सगळ्यात ठळक रेषा म्हणजे घनता नव्हे: चुंबकावरणातले प्लाझ्मा अनुनाद क्रमाने कसे ओळखायचे

एम.एस्सी. फिजिक्सच्या प्रोजेक्टची तारीख जवळ आली की कोल्हापुरातल्या कॉलेजांमधून हमखास एकाच प्रकारचे आलेख बघायला येतात. ग्रहांच्या चुंबकावरणात, म्हणजे त्यांच्या चुंबकीय क्षेत्राच्या पगड्याखालच्या अवकाशात, प्लाझ्माच्या (विद्युतभारित कणांच्या वायूच्या) लहरी टिपणाऱ्या यानांचा डेटा फुकट मिळतो, पायथनचा कोड तयार मिळतो. त्यामुळे स्पेक्ट्रोग्रॅम, म्हणजे कोणत्या वेळी कोणत्या वारंवारतेची लहर किती जोरदार हे रंगांत दाखवणारा आलेख, देखणा असतो. घोटाळा त्यानंतर होतो. सगळ्यात ठळक रेषा शोधायची, तिला 'अप्पर हायब्रिड' म्हणायचं, सूत्रात घालून इलेक्ट्रॉनांची घनता काढायची आणि निष्कर्ष लिहायला बसायचं. उत्तर कधी बरोबर येतं, कधी दीडपट चुकतं, कधी दहापट. यातलं नेमकं काय झालंय हे नुसत्या आलेखाकडे बघून कळत नाही.

म्हणून या लेखात भर क्रमावर आहे. एकट्या रेषेला नाव देता येत नाही. आधी चुंबकीय क्षेत्र, मग त्यावरून आखलेली जाळी, मग खोट्या रेषांची छाटणी, आणि सगळ्यात शेवटी उरलेल्या रेषांना एकत्रितपणे, एकमेकींशी जुळतील अशी नावं.

## तयारी: तीन सूत्रं आणि पाच फाइली

इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषेभोवती ज्या वारंवारतेने फिरतो ती सायक्लोट्रॉन वारंवारता. तिला इथे एफसी म्हणू. इलेक्ट्रॉनांचा ढग जागचा हलला की परत जागेवर येताना ज्या वारंवारतेने डोलतो ती प्लाझ्मा वारंवारता, एफपी. दोन्हींच्या एकत्रित परिणामातून येते ती अप्पर हायब्रिड, एफयूएच. हिशेब असा:

- एफसी (किलोहर्ट्झ) = ०.०२८ × चुंबकीय क्षेत्र (नॅनोटेस्ला)
- एफपी (किलोहर्ट्झ) = ८.९८ × √घनता (इलेक्ट्रॉन प्रति घनसेंटिमीटर)
- एफयूएच² = एफपी² + एफसी²

एफसीमध्ये फक्त चुंबकीय क्षेत्र आहे आणि एफपीमध्ये फक्त घनता. पुढची सगळी पद्धत याच गोष्टीवर उभी आहे: चुंबकीय क्षेत्र मॅग्नेटोमीटर वेगळं मोजून देतो, म्हणजे दोन अज्ञातांपैकी एक आधीच हातात असतं.

लागणाऱ्या फाइली: विद्युत क्षेत्राचा स्पेक्ट्रम, मॅग्नेटोमीटरचं मोजमाप, यानाची जागा, उपकरण कोणत्या वेळी कोणत्या मोडमध्ये होतं याची नोंद, आणि त्या उपकरणाची माहिती देणारी पुस्तिका. त्या मिळतात कुठे? पृथ्वीभोवतीच्या यानांसाठी नासाचं सीडीएवेब, क्लस्टर यानांसाठी युरोपीय अंतराळ संस्थेचं संग्रहालय, गुरू-शनीच्या मोहिमांसाठी नासाची पीडीएस. आयोवा विद्यापीठात तयार झालेलं ऑटोप्लॉट फुकट आहे आणि पहिली नजर टाकायला पुरेसं आहे. पुस्तिका कुणीच वाचत नाही. ती आधी वाचा.

तपासणी. कोल्हापुरात जमिनीवर पृथ्वीचं एकूण चुंबकीय क्षेत्र साधारण ४२ हजार नॅनोटेस्लाच्या घरात आहे. तुमच्या कोडमध्ये हा आकडा घाला. एफसी सुमारे १.२ मेगाहर्ट्झ आली पाहिजे. १२० आली, १२ हजार आली, तर गॉस, टेस्ला आणि नॅनोटेस्ला यांची कुठेतरी गल्लत झाली आहे; ती सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र शिवाजी विद्यापीठाच्याच आवारात आहे, तेव्हा चुंबकीय मोजमापाबद्दल शंका असेल तर विचारायला लांब जावं लागत नाही.

## टप्पा १: यान ऐकत होतं की आधी छेडत होतं?

उपकरणं दोन प्रकारांनी काम करतात. पॅसिव्ह उपकरण आसपासच्या नैसर्गिक लहरी नुसत्या ऐकतं. पृथ्वीभोवती फिरलेल्या व्हॅन ॲलन प्रोब्जवरचा उच्च वारंवारतेचा रिसीव्हर आणि गुरूकडच्या ज्यूनोचं वेव्हज ही अशी उपकरणं. शनीकडच्या कॅसिनीचं आरपीडब्ल्यूएस बहुतेक वेळ असंच चालायचं. साउंडर मात्र मिरजेतला कारागीर तंबोऱ्याची तार छेडून मग कान देतो तसं काम करतो: एका वारंवारतेचा छोटा स्पंद सोडायचा, थांबायचं, आणि प्लाझ्मा किती वेळ घुमत राहतो ते मोजायचं. मग पुढची वारंवारता. क्लस्टरवरचं व्हिस्पर, इमेज यानावरचं आरपीआय आणि युलिसिसवरचा साउंडर या जातीचे.

फरक इतका महत्त्वाचा आहे की दोन्हींच्या आलेखांना एकच नियम लावला तर सगळंच चुकतं. साउंडरमध्ये शिखर दिसतं ते ज्या वारंवारतेला लहर यानापासून दूर पळत नाही, म्हणजे तिचा समूहवेग जवळपास शून्य असतो, तिथे. पॅसिव्हमध्ये शिखर दिसतं ते जिथे एखादा स्रोत लहरींना ऊर्जा पुरवतो तिथे. पहिल्यात एफसीच्या अचूक पटींवर, म्हणजे एफसी, २एफसी, ३एफसी वगैरेंवर, टोकदार शिखरं येतात. दुसऱ्यात दोन पटींच्या मधोमध, म्हणजे दीड, अडीच, साडेतीन पटींच्या आसपास, पट्टे येतात. दुसऱ्या प्रकारचे पट्टे पहिल्या प्रकारचे समजून कुणी एफसी मोजली, तर चुंबकीय क्षेत्रच चुकीचं निघतं.

सावधान. व्हिस्परसारखं उपकरण दोन्ही मोडमध्ये आलटूनपालटून चालायचं. मोडची नोंद न बघता सगळे स्पेक्ट्रम एका आलेखात ओतले की उभे पट्टे दिसतात. त्यांना 'अल्पकालीन लहरी' म्हणून सादर केलेलं मी पाहिलं आहे.

## टप्पा २: घड्याळ जुळवा

हा टप्पा फालतू वाटतो आणि सगळ्यात जास्त प्रोजेक्ट इथेच बिघडतात. सगळा डेटा जागतिक वेळेत असतो. आपला लॅपटॉप भारतीय वेळेवर असतो, आणि काही लायब्ररी न विचारता साडेपाच तास जोडून टाकतात. लहरींची फाइल एका मार्गाने वाचली, मॅग्नेटोमीटरची दुसऱ्या, तर एकीत साडेपाच तास जोडले जातात आणि दुसरीत नाही. व्हॅन ॲलन प्रोबची प्रदक्षिणा सुमारे नऊ तासांची. साडेपाच तासांची चूक म्हणजे यान कक्षेच्या जवळपास पलीकडच्या टोकाला. मग चुंबकीय क्षेत्र भलतंच, जाळी भलतीच.

दूरच्या ग्रहांसाठी आणखी एक पेच आहे. संदेश गुरूपासून पृथ्वीपर्यंत यायला ग्रहांच्या अंतरानुसार साधारण ३३ ते ५४ मिनिटं लागतात. फाइलीतली वेळ यानावरची आहे की पृथ्वीवर संदेश मिळाल्याची, हे शीर्षलेखात लिहिलेलं असतं. यानावरची वेळ घ्या.

तपासणी. यान ग्रहाच्या सगळ्यात जवळ आलं ती वेळ जागेच्या फाइलीतून काढा. चुंबकीय क्षेत्राचं शिखर त्याच्या आसपास आहे ना?

## टप्पा ३: एफसीची जाळी आखा

आता मॅग्नेटोमीटरवरून प्रत्येक क्षणाची एफसी काढा आणि स्पेक्ट्रोग्रॅमवर पातळ पांढऱ्या रेषेने ती, तिची दुप्पट, तिप्पट अशा पटी उमटवा. क्षेत्राची एकूण तीव्रता घ्यायची, एखादा घटक नाही.

मॅग्नेटोमीटरचा डेटा नसेल तर द्विध्रुवाचा, म्हणजे ग्रहाला एक साधा पट्टीचुंबक मानून केलेला, अंदाज चालतो, पण फक्त ग्रहाजवळ आणि विषुववृत्ताच्या आसपास. पृथ्वीसाठी ३१ हजार नॅनोटेस्ला भागिले अंतराचा घन (अंतर ग्रहाच्या त्रिज्येत). शनीसाठी सुमारे २१ हजार. गुरूसाठी सुमारे ४ लाख २० हजार. चुंबकपुच्छात, म्हणजे सूर्याच्या विरुद्ध बाजूला ताणलेल्या चुंबकावरणाच्या शेपटीत, हा अंदाज निरुपयोगी.

साउंडरचा डेटा असेल तर इथे एक सुंदर पडताळणी फुकट मिळते. टोकदार शिखरांमधलं अंतर मोजा. ते मॅग्नेटोमीटरच्या एफसीशी जुळायला हवं. खूप पटी दिसत असतील तर पहिल्या शिखरावर विसंबू नका. सातव्या-आठव्या पटीची वारंवारता मोजून सात-आठने भागा, म्हणजे मोजण्यातली चूकही तितकीच भागली जाते. जुळत नसेल तर घड्याळाकडे परत जा. नव्वद टक्के वेळा दोष तिथेच असतो, हा आकडा नव्हे, अनुभव म्हणून घ्या.

## टप्पा ४: खोट्या रेषा छाटा

यान स्वतः गोंगाट करतं. वीजपुरवठ्याचे कन्व्हर्टर, मोटारी, शेजारची उपकरणं या सगळ्यांच्या रेषा स्पेक्ट्रममध्ये उतरतात. त्या ओळखायची खूण सोपी आहे: यान ग्रहाजवळ जावो की लांब, त्यांची वारंवारता बदलत नाही. चुंबकीय क्षेत्र दहापट बदललं आणि रेषा जागची हलली नाही, तर ती प्लाझ्माची नाही.

याखेरीज:

- रिसीव्हरचे पट्टे जिथे जोडले जातात तिथे तीव्रतेत पायरी दिसते. तिला कटऑफ, म्हणजे लहर जिथे संपते ती कड, समजू नका.
- सिग्नल फार जोरदार असला की तो रिसीव्हरच्या क्षमतेपलीकडे जातो आणि मूळ वारंवारतांच्या बेरजा-वजाबाक्यांवर भुताच्या रेषा उमटतात. एक रेषा दुसरीच्या नेमकी दुप्पट असेल आणि दोन्ही एकाच क्षणी उजळत-मावळत असतील तर संशय घ्या.
- धुळीचे कण यानावर आदळले की सगळ्या वारंवारतांवर एकदम उभा ओरखडा येतो. शनीच्या कड्यांचं प्रतल ओलांडताना व्हॉयेजर २ ने १९८१ मध्ये हेच टिपलं होतं. कॅसिनीचा एन्सेलडस या शनीच्या चंद्राजवळचा डेटा घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.
- फिरत्या यानाचा अँटेना चुंबकीय रेषेशी कोन बदलत राहतो, त्यामुळे तीव्रता फिरण्याच्या लयीत कमीजास्त होते. वारंवारता बदलत नाही. हा दोष नाही, उलट लहरीच्या दिशेचा पुरावा आहे, छाटू नका.

एक अगदी साधी गोष्ट. सात रंगांच्या पट्टीत काढलेला स्पेक्ट्रोग्रॅम राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानातून काळापांढरा छापून आणला की तांबडा आणि निळा दोन्ही सारखेच करडे होतात. मग त्यावर पेन्सिलीने खुणा करून काही उपयोग नाही. एकाच दिशेने उजळत जाणारी रंगपट्टी निवडा.

## टप्पा ५: आपण कोणत्या मुलखात आहोत?

रेषेला हात लावण्याआधी एफपी आणि एफसी यांचं गुणोत्तर अंदाजे किती असेल ते ठरवा. यावरून कोणती पद्धत चालेल तेच ठरतं.

गुणोत्तर मोठं. आयो या चंद्राच्या कक्षेजवळचं प्लाझ्माचं कडं घ्या. गुरूपासून ५.९ त्रिज्या, क्षेत्र सुमारे २००० नॅनोटेस्ला, म्हणजे एफसी ५६ किलोहर्ट्झ. घनता २००० धरली तर एफपी ४०२ किलोहर्ट्झ आणि एफयूएच ४०५ ते ४०६. दोघींत जेमतेम एक टक्क्याचं अंतर. इथे चुकून एफयूएचलाच एफपी म्हटलं तरी घनता दोनच टक्क्यांनी बिघडते. शनीजवळ एन्सेलडसच्या कक्षेत एफसी नऊ-साडेनऊ किलोहर्ट्झ आणि एफपी साठ-सत्तरच्या घरात. तिथेही गाडी फार घसरत नाही.

गुणोत्तर मध्यम. पृथ्वीच्या प्लाझ्मागोलाबाहेर (तिच्याजवळचा थंड, दाट प्लाझ्मा म्हणजे प्लाझ्मागोल), पाच त्रिज्यांवर, क्षेत्र सुमारे २५० नॅनोटेस्ला, एफसी ७ किलोहर्ट्झ. घनता ५ असेल तर एफपी २०.१ आणि एफयूएच २१.३. आता तीच चूक घनतेत बारा टक्क्यांची होते.

गुणोत्तर एकापेक्षा कमी. गुरूच्या ध्रुवांवरून ज्यूनो जातं तेव्हा एफसी मेगाहर्ट्झमध्ये आणि एफपी तिच्यापुढे नगण्य. इथे एफयूएच म्हणजे व्यवहारात एफसीच. तिच्यातून घनता काढायला गेलात तर दोन जवळजवळ सारख्या मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून उरलेल्या चुकीलाच घनता म्हणाल. अशा ठिकाणी व्हिसलर या खालच्या वारंवारतांच्या लहरींची वरची सीमा बघायची. ती एफपी आणि एफसी यांतल्या जी लहान असेल तिच्यावर संपते, म्हणजे इथे एफपीवर.

सावधान. अप्पर हायब्रिड पद्धत जिथे चालत नाही तिथेही तिचा कोड उत्तर देतोच. कोडला लाज नसते.

## टप्पा ६: उमेदवारांची यादी आणि एक सोडवलेलं उदाहरण

साउंडरच्या स्पेक्ट्रममध्ये क्रम असा ठेवा. पहिल्यांदा एफसीच्या सगळ्या पटी ओळखून बाजूला काढा. मग वरच्या टोकाकडून खाली या. एफयूएचच्या वर, प्रत्येक पटीच्या जरा पुढे, एकेक जादा शिखर असतं. बर्नस्टाइन लहरींचा, म्हणजे चुंबकीय रेषेला आडव्या जाणाऱ्या, एफसीच्या पटींमधल्या लहरींचा, समूहवेग तिथे शून्य होतो. या मालिकेला एफक्यू म्हणतात. तिची खूण अशी की वर जावं तसं हे शिखर आपल्या पटीच्या अधिकाधिक जवळ सरकतं. ही मालिका जिथून सुरू होते त्याच्या खालच्या घरात (लगतच्या दोन पटींमधल्या जागेत) एफयूएच असते. शेवटी एफपी.

सरावासाठी आकडे घेऊ. मॅग्नेटोमीटर २५० नॅनोटेस्ला दाखवतो, उपकरणाचा वारंवारतेचा टप्पा (लगतच्या दोन मोजमापांमधलं अंतर) सुमारे ०.१६ किलोहर्ट्झ, आणि शिखरं आहेत ७.०, १४.०, २१.०, २८.०, ३०.०, ३०.८, ३५.०, ३७.४, ४२.०, ४३.७, ४९.० आणि ५०.२ किलोहर्ट्झ. सगळ्यात उंच शिखर ३७.४ वर.

घाईतला मार्ग: ३७.४ ला एफयूएच म्हणा. मग एफपी ३६.७ आणि घनता १६.७.

क्रमाचा मार्ग: ७, १४, २१, २८, ३५, ४२, ४९ या पटी. बाजूला. उरतात ३०.०, ३०.८, ३७.४, ४३.७, ५०.२. यातली शेवटची तीन आपापल्या पटीपेक्षा २.४, १.७ आणि १.२ ने पुढे आहेत. अंतर घटत चाललंय, म्हणजे ही एफक्यूची मालिका, आणि ती पाचव्या पटीपासून सुरू होते. तेव्हा एफयूएच चौथ्या आणि पाचव्या पटीच्या मधे, २८ आणि ३५ च्या दरम्यान हवी. तिथे दोन शिखरं आहेत. ३०.० चा वर्ग ९००, ७.० चा वर्ग ४९, बेरीज ९४९, तिचं वर्गमूळ ३०.८. जमलं. एफपी ३०.०, घनता ११.२.

घाईतलं उत्तर जवळपास दीडपट होतं. आणि ते चूक आहे हे स्पेक्ट्रमच सांगत होता: एफयूएच ३७.४ असती तर ३६.७ वर एफपीचं शिखर सापडण्याची अपेक्षा होती, ते नाही, शिवाय ३०.० आणि ३०.८ ही दोन शिखरं का आहेत याला उत्तर नाही. उंची ही ओळख नव्हे. उंची अँटेनावर, त्याच्या कोनावर, इलेक्ट्रॉनांच्या तापमानावर अवलंबून असते.

तपासणी. तुमच्या नामकरणानंतर एकही ठळक शिखर बेवारस राहता कामा नये, आणि नावाप्रमाणे जिथे शिखर हवं तिथे ते नसेल तर का नाही याचं कारण हवं. एफपीचं शिखर बऱ्याचदा फिकं असतं किंवा एखाद्या पटीखाली दडून जातं. असं असेल तर तसं लिहा आणि एफयूएच व एफक्यूवरून काढा. मात्र एफक्यूच्या जागा इलेक्ट्रॉनांच्या वेगांच्या वाटपावर थोड्या अवलंबून असतात. थंड आणि गरम असे दोन गट एकत्र असतील तर पाठ्यपुस्तकातली जागा किंचित सरकते, म्हणून त्यांच्यावरून काढलेल्या घनतेला जास्त चूक जोडा.

## टप्पा ७: एफपीच्या खालची मालिका, जपून

साउंडरमध्ये एफपीच्या खालीही शिखरं दिसतात. डीएन नावाच्या मालिकेसाठी ओशेरोविच आणि फाइनबर्ग यांचं सूत्र वापरलं जातं: ०.९५ × √क्रमांक × √(एफपी × एफसी). वरच्याच उदाहरणात पहिलं शिखर १३.८ वर येईल, चौथं २७.५ वर. आता बघा, १४.० आणि २८.० या एफसीच्या पटी त्यांच्या किती जवळ आहेत. उपकरणाचा टप्पा ०.१६ किलोहर्ट्झचा असताना पहिल्या जोडीत एक-दोन टप्प्यांचाच फरक. कोणतंही शिखर कशातही बसवता येतं.

ही नुसती विद्यार्थ्यांची अडचण नाही. फेब्रुवारी १९९२ मध्ये युलिसिस आयोच्या कड्यातून गेलं तेव्हा त्याच्या साउंडरने टिपलेल्या शिखरांचा अर्थ लावताना संशोधकांतही मतभेद झाले: काहींनी ती डीएन मालिका मानली, काहींनी बर्नस्टाइन लहरींतून अर्थ लावला. माझं मत विचाराल तर प्रोजेक्टच्या पातळीवर डीएनवरून घनता काढू नये. एफयूएच आणि एफक्यूवरून काढलेली घनता आधी पक्की करा, मग तिच्यावरून डीएनच्या जागा काढून त्या जुळतात का एवढंच बघा. उलट दिशेने जाल तर हवं ते उत्तर मिळेल.

## टप्पा ८: पॅसिव्ह डेटा असेल तर

इथे तीन गोष्टी शोधायच्या.

एक, अप्पर हायब्रिडची रेषा. पृथ्वीच्या प्लाझ्मागोलात ती अरुंद आणि सलग असते आणि यान बाहेर जाताना घनतेबरोबर खाली घसरते. प्लाझ्मागोलाबाहेर ती पटींमधल्या पट्ट्यांत मिसळते. तेव्हा सगळ्यात जोरदार पट्टा बहुतेकदा ज्या घरात एफयूएच आहे तो असतो. म्हणजे तुम्हाला घर कळतं, नेमकी जागा कळत नाही. तेवढीच चूक आकड्याला जोडा.

दोन, कंटिन्यूअम प्रारणाची, म्हणजे रुंद पट्ट्यात पसरलेल्या रेडिओ लहरींची, खालची कड. ही कड एफपी दाखवते असं सरसकट लिहिलं जातं. खरं म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या लहरींच्या कडा वेगवेगळ्या असतात आणि त्यांतल्या झेड मोड या प्रकाराची कड एफपीच्या खाली जाते. एफसी अगदी लहान असेल, जसं चुंबकपुच्छात, तर सगळ्या कडा एकमेकींना चिकटतात आणि प्रश्न मिटतो. नसेल तर कोणती कड बघताय ते ठरवा. शिवाय प्रारण लांबून आलेलं असेल तर त्याची कड वाटेतल्या दाट प्लाझ्माने ठरवलेली असू शकते. अशा वेळी यानाजवळची एफपी त्या कडेपेक्षा जास्त नाही, एवढंच म्हणता येतं.

तीन, अँटेनाची लांबी विरुद्ध डेबाय अंतर, म्हणजे प्लाझ्मात एका भाराचा प्रभाव जेवढ्या अंतरात झाकला जातो ते. डेबाय अंतर (मीटर) = ७.४३ × √(तापमान इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये ÷ घनता). घनता १०० आणि तापमान १ असेल तर पाऊण मीटर. घनता १ आणि तापमान १००० असेल तर २३५ मीटर, म्हणजे क्लस्टरच्या ८८ मीटर अँटेनापेक्षा कितीतरी मोठं. तिथे औष्णिक गोंगाटाचं, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेच्या हालचालीतून येणारं, शिखर दिसलं नाही तर नवल नाही. रेषा नाही याचा अर्थ प्लाझ्मा नाही असा होत नाही.

त्याच धर्तीवर, रेषा उपकरणाच्या कक्षेबाहेरही गेलेली असू शकते. व्हिस्पर सुमारे ८० किलोहर्ट्झपर्यंत बघायचं, म्हणजे घनता ८० पर्यंत. यान दाट प्लाझ्मागोलात शिरलं की रेषा आलेखाच्या छपरातून बाहेर जाते. त्या काळात आलेखात उरलेल्या एखाद्या रेषेला एफयूएच म्हणणं ही नेहमीची चूक आहे.

## टप्पा ९: घनता आणि तिची चूक

घनता वारंवारतेच्या वर्गावर चालते, म्हणून घनतेतली टक्केवारीची चूक वारंवारतेतल्या चुकीच्या दुप्पट. वरच्या उदाहरणात ०.१६ भागिले ३० म्हणजे सुमारे अर्धा टक्का, घनतेत एक टक्का: ११.२ ± ०.१. व्हॅन ॲलन प्रोब्जचा रिसीव्हर मात्र १० ते सुमारे ४८७ किलोहर्ट्झ एवढा पल्ला ८२ घरांत वाटायचा, लॉगरिदमच्या पट्टीवर. एकेक घर पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे घनतेत दहा टक्के. व्हॉयेजरच्या स्पेक्ट्रम ॲनालायझरला तर १० हर्ट्झ ते ५६ किलोहर्ट्झसाठी अवघी सोळा चॅनेलं होती. तिथे नुसत्या चॅनेलवरून एक दशांश चिन्हसुद्धा लिहायचं धाडस करू नका. तक्त्यात घनता ११.१६२७ अशी छापलेली दिसली की परीक्षकाने पुढचं न वाचता पान उलटलं तरी तक्रार करता येणार नाही.

## टप्पा १०: बाहेरचे साक्षीदार

आता, आणि आत्ताच, इतर उपकरणांकडे जा. लँगम्युअर प्रोब (प्लाझ्मातून येणारा विद्युतप्रवाह मोजणारं उपकरण) असेल तर त्याची घनता, कण मोजणाऱ्या उपकरणाची घनता, यानाचं विद्युत विभव. कण मोजणाऱ्या उपकरणाला यानाच्या विभवामुळे थंड इलेक्ट्रॉन किंवा आयन नीट दिसत नाहीत, म्हणून त्याची घनता लहरींवरून काढलेल्या घनतेपेक्षा कमी आली तर घाबरू नका. जास्त आली तर मात्र परत सहाव्या टप्प्यावर जा.

दुसरा साक्षीदार म्हणजे शेजारचा क्षण. एका स्पेक्ट्रमवर नामकरण केलं की ते पुढच्या आणि मागच्या स्पेक्ट्रमवर चालवून बघा. एफसीच्या पटी चुंबकीय क्षेत्राबरोबर सरकायला हव्यात. एफपी त्याच्याशी बांधील नाही, ती वेगळी भटकते. दोन रेषा काही काळ एकत्र दिसून नंतर फाकल्या तर कोणती कोण हे तिथेच कळतं. अर्ध्या तासाचा पट्टा एका क्षणापेक्षा कितीतरी जास्त सांगतो.

## खालच्या वारंवारतांबद्दल थोडं

लोअर हायब्रिडवर, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉन या दोघांच्या हालचालींतून येणाऱ्या खालच्या वारंवारतेवर, काम करणाऱ्यांसाठी एकच सूचना. एफपी एफसीपेक्षा बरीच मोठी असेल तर लोअर हायब्रिड वारंवारता एफसी भागिले ४३ असते, हे फक्त प्रोटॉनसाठी. एकपट भारित ऑक्सिजन असेल तर भागाकार सुमारे १७१ ने, एकपट भारित गंधक असेल तर २४२ ने. आयोच्या कड्यात गंधक आणि ऑक्सिजनचं राज्य आहे. तिथे ४३ वापरलं तर रेषा चार-पाच पट वर शोधत बसाल. दोन-तीन प्रकारचे आयन मिसळलेले असतील तर एका आकड्याने काम भागत नाही, मिश्रणाचं प्रमाण लागतं.

## नोंद कशी ठेवायची

प्रत्येक स्पेक्ट्रमसाठी एका ओळीत: यानावरची वेळ, जागा, उपकरणाचा मोड, मॅग्नेटोमीटरची एफसी, पटींवरून मोजलेली एफसी, ओळखलेली शिखरं, बेवारस शिखरं, एफपी कोणत्या मार्गाने काढली, घनता, चूक, आणि खात्रीचा दर्जा. दर्जा तीनच ठेवा. पटी, एफयूएच आणि एफक्यू तिन्ही जुळले तर 'पक्की'. दोनच जुळले तर 'बरी'. एकाच रेषेवर भिस्त असेल तर 'कच्ची'. अशा घनतेवरून पुढचा कुठलाही आलेख काढायचा नाही, तिची जागा रिकामी सोडायची आणि शेजारी कारण लिहायचं.